ते ‘प्रोफेसर’ शाळेतले

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीतला जर्मन लोकसाहित्यावरचा लेख आवडला. एक दुरुस्ती मात्र सुचवते. लेखात गावोगाव फिरून लोकसाहित्य गोळा करणारे रिशार्ड वोसिडलो (१८५९–१९३९) यांना ‘विद्यापीठातील प्राध्यापक’ म्हटलं आहे. त्यांच्या नावामागे ‘प्रोफेसर’ लागतं हे खरं, पण त्या काळी जर्मनीत गिम्नाजिउमच्या, म्हणजे माध्यमिक शाळेच्या, ज्येष्ठ शिक्षकालाही ही पदवी मिळत असे. वोसिडलो १८८६ पासून म्यूरिट्झ सरोवराकाठच्या वारेन या छोट्या गावात मुलांना लॅटिन आणि ग्रीक शिकवत होते. मीही एकतीस वर्षं शाळेत जर्मन शिकवलं, तेव्हा ही चूक मला जरा जास्तच टोचली असेल.

पण मुद्दा केवळ पदाचा नाही. विद्यापीठातल्या माणसाला हे संकलनाचं काम जमलं असतं का, याची मला शंका आहे. वोसिडलोंचा मेक्लेनबुर्ग हा उत्तर जर्मनीतला बड्या जमीनदारांचा मुलूख. तिथली वेठबिगारी कायद्याने उठली ती १८२० साली. त्यानंतरही खेड्यातला शेतमजूर शहरी कोटातल्या माणसापुढे तोंड उघडेना. वोसिडलो सुट्ट्यांत आणि रविवारी पायपीट करत मजूर, मेंढपाळ, कोळी, म्हातारे खलाशी यांच्यात जाऊन बसत आणि त्यांच्याच प्लाट या उत्तर जर्मन बोलीत बोलत. ‘एखादी गोष्ट सांगा’ असं थेट म्हटलं की माणूस गप्प होतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून आधी स्वतःच काहीतरी सांगायचं. मग समोरचा ‘छे, आमच्याकडे असं नाही म्हणत’ म्हणून सुरू व्हायचा. वर्गात उभं राहिलेल्या कुणालाही ही युक्ती नवी वाटणार नाही. संकलनाच्या तंत्रावर त्यांनी १९०६ मध्ये एक स्वतंत्र लेखही लिहिला. खेड्यापाड्यांतले कितीतरी शिक्षक त्यांना टिपणं पाठवत. त्यातली गंमत अशी की शाळेतली भाषा होती प्रमाण जर्मन, आणि प्लाट ही घरची, कमी लेखली जाणारी.

त्यांचा कोड्यांचा खंड १८९७ साली निघाला. उत्तर जर्मनीतलं एक जुनं कोडं घ्या. दोन पाय तीन पायांवर बसून एक पाय खात होते. चार पाय आले, एक पाय पळवला. दोन पायांनी तीन पाय उचलून चार पायांवर फेकले. (माणूस, तिवई, तंगडी, कुत्रा.) असल्या कोड्यांचे गावोगावचे पाठभेद या गृहस्थाने ज्या काटेकोरपणे नोंदवले, तो होमरच्या पोथ्यांसाठी राखून ठेवलेला काटेकोरपणा. शिकले होते अभिजात भाषाशास्त्र. ते त्यांनी गोठ्यात नेऊन वापरलं.

मुलगी रोस्टॉकला शिकत असताना तिथल्या विद्यापीठात जपलेला हा संग्रह मी पाहिला. सुमारे वीस लाख चिठ्ठ्या! चिमुकलं अक्षर, शब्द तोडून लिहिलेले, कुठे सांगणाऱ्याचं नाव, कुठे गाव. दोन चिठ्ठ्यांवर मी अर्धा तास घालवला आणि तरी एक शब्द लागलाच नाही. तिथल्या बाईंनी तो सहज वाचून दाखवला आणि मी माझी एकतीस वर्षं गुमान पर्समध्ये घातली. आता या चिठ्ठ्यांचं डिजिटायझेशन झालं आहे, त्यामुळे घरबसल्याही पाहता येतात. याच टिपणांच्या आधारावर भाषाशास्त्रज्ञ हेर्मान टॉइशर्ट यांच्यासह मेक्लेनबुर्गी बोलीचा कोश उभा राहिला. त्याचा पहिला खंड १९४२ चा आणि सातवा १९९२ चा. वोसिडलो मे १९३९ मध्येच गेले, म्हणजे बांधलेला एकही खंड त्यांच्या हाती पडला नाही.

लेखात आणखी एक गोष्ट सुटली आहे. १९३३ नंतर नाझींनी ‘हाइमाट’ (मायभूमी) या शब्दाचा आणि अशा संग्राहकांच्या कामाचा प्रचारासाठी भरपूर वापर केला. वोसिडलोंचाही त्या राजवटीत गौरव झाला. त्यांच्याविषयी कितीही आदर असला तरी हे लिहायला हवं होतं.

पुढच्या अंकात ‘प्राध्यापक’ऐवजी ‘शाळाशिक्षक’ अशी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त जर्मन शिक्षिका