पार्सलमध्ये भोवरा आहे, पण अर्धाच

बार्शी,
१२ एप्रिल

प्रिय अव्या,
स. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. नातू मे महिन्यात गावी येतोय, त्याला आपले जुने खेळ दाखवायचेत, तर तिकडं कुठं मिळाले तर पाठव म्हणतोस. पाठवतो आहे. मात्र मोबाइलनं पोरं बिघडली, हे तुझं म्हणणं मला पटत नाही. तुमच्या सोसायटीत मोबाइल नसता तरी पोरानं गल, म्हणजे खेळापुरता छोटा खड्डा, कुठं खणली असती? पेव्हर ब्लॉकमध्ये? विटीदांडूला गल लागते, गोट्यांना गल लागते, भोवऱ्याच्या रिंगणालाही माती लागते. वस्तू अजून जत्रेत मिळतात. नाहीशी झाली ती कुणाच्या मालकीची नसलेली पडीक जागा. शिवाय दुपारी दोन ते पाच घरातली मोठी माणसं झोपत आणि पोरांचा हिशेब कुणी ठेवत नसे, ती सवडही गेली. गावच्या घरामागचं खळं अजून मोकळं आहे ना? तिथं फरशी घालायचा विचार असेल तर जूनपर्यंत थांब.

आता पार्सलबद्दल. भोवरा पाठवतोय, पण त्याला आर, म्हणजे खालचा लोखंडी खिळा, बसवलेली नाही. विसरलो नाही, मुद्दाम तशीच बाकी ठेवली आहे. बाजारातला भोवरा तसाही कधी पुरा नसतो. कारखान्यात ठोकलेली आर बहुधा तिरकी असते, आणि तिरक्या आरीचा भोवरा पोरानं कितीही जोरात मारला तरी थरथरत पडतो. मग पोराला वाटतं, आपल्यालाच जमत नाही.

लाकूड बाभळीचं आहे, खांद्याशी दोन इंच रुंद. सावंतवाडीकडचा रंगीत, लाखकाम केलेला भोवरा दिसायला देखणा. पण तिकडची खेळणी वर्षानुवर्षं पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाची होत आली. ते कातायला मऊ आणि रंग छान धरणारं, पण दुसऱ्या भोवऱ्याची आर बसली की टवका उडतो. कपाटात ठेवायचा तर तो घे, रिंगणात मारायचा तर बाभूळ किंवा चिंच.

आरीसाठी दोन इंची खिळा घे, साधारण तीन-साडेतीन मिलिमीटर जाड. त्याचं डोकं कापून टाक. आता घाई करू नकोस. भोवऱ्याच्या खालच्या टोकाशी लाकूड जेमतेम बोटाएवढं उरतं आणि रेषा उभ्या असतात. खिळा थेट ठोकलास तर भोवरा सरळ उभा चिरतो. आधी गिरमिटानं खिळ्यापेक्षा थोडं बारीक भोक पाड, इंचभर खोल, आणि गिरमिट चारी बाजूंनी बघून सरळ धर. मग कापलेली बाजू आत घालून हलक्या हातानं ठोक. बाहेर अर्धा ते पाऊण इंच राहू दे. जास्त राहिली तर भोवऱ्याचं वजन उंचावर जातं आणि तो लवकर डुलतो. फार आखूड ठेवलीस तर जरा कलला की खांदा मातीला घासतो आणि तिथंच थांबतो.

ठोकून झाल्यावर भोवरा दोन्ही तळव्यांत आडवा धरून सावकाश फिरव आणि आरीच्या टोकाकडं बघ. टोक एका जागी राहिलं तर ठीक. ते हवेत गोल काढत असेल तर आर वाकडी आहे. ज्या बाजूला झुकली असेल त्या बाजूनं हातोडीचा एक बारीक ठोका दे आणि पुन्हा फिरवून बघ. चार-पाच ठोक्यांत येते. आर सैल झाली तर काढून भोकात लाकडाचा भुसा मिसळलेला फेव्हिकॉल भर आणि रात्रभर वाळू दे. नुसता कागद कोंबून ठोकलीस तर दोन दिवसांत पुन्हा हलेल.

टोकाचं आता. कानशीनं ज्वारीच्या दाण्यासारखं गोलसर कर. टोकदार आर जमिनीत रुतते, तिथंच घासून वेग खाते. गोलसर टोकाचा भोवरा पडल्यावर आधी थोडा भटकतो, भटकता भटकता स्वतःला उभा करतो, आणि मग इतका स्थिर घुमतो की फिरतोय हे कळतसुद्धा नाही, नुसता आवाज येतो. धारदार आर ठेवायची ती दुसऱ्याचा भोवरा फोडायला. ते पोराला लगेच सांगू नकोस, स्वतःच शोधून काढेल. शिवाय हातजाळी करायची असेल, म्हणजे भोवरा जमिनीला लागू न देता थेट तळव्यावर घ्यायचा असेल, तर गोल टोक हवंच. तळवा सोलून निघालेला मुलगा पुन्हा भोवऱ्याला हात लावत नाही.

जाळी, म्हणजे भोवऱ्याला गुंडाळायची दोरी, सुती घेतली आहे, दीड मीटर, तीन मिलिमीटर जाड. नायलॉनची अजिबात वापरू नको. ती गुळगुळीत असते, लाकडाला धरत नाही आणि फेकताना सगळे वेढे एकदम सुटतात. जाळीचं एक टोक चार बोटं उसवून त्यातला एक पदर कापून बारीक केलंय. ते आरीशी जातं. दुसऱ्या टोकाला सोडा बाटलीचा चेपलेला बिल्ला भोक पाडून ओवलाय, तो अनामिका आणि करंगळीच्या बेचक्यात धरायचा. बारीक टोक पाण्यात बुडवून (थुंकीत म्हणायला आता लाज वाटते) आरीभोवती एक वेढा घे आणि तिथून वर खांद्यापर्यंत वेढ्याला वेढा लावून घट्ट गुंडाळ. पंधरा-सोळा वेढे बसतात. एक वेढा दुसऱ्यावर चढला की सुटताना तिथं अडकतो आणि भोवरा जमिनीकडं न जाता पिंडरीकडं येतो. नातू डावखुरा असेल तर वेढे उलट दिशेनं घ्यायला लाव. नाहीतर बिचारा महिनाभर नुसता आपटत बसेल.

फेकताना नवशिके दोन चुका करतात. एक म्हणजे भोवरा सोडायच्या आधीच हात मागं ओढतात. मग तो आडवा पडून गडगडत जातो. दुसरी, जाळी पूर्ण उलगडेपर्यंत हात नुसता पुढं जात राहतो. मग भोवरा पडतो सरळ, पण फिरत नाही. हात पुढं न्यायचा, भोवरा सोडायचा, आणि जाळीचे शेवटचे दोन-तीन वेढे उरले की मनगटानं मागं झटका द्यायचा. हे सांगून येत नाही. शंभरेक वेळा पडू दे, मग हाताला कळतं. पहिले चार दिवस शेणानं सारवलेल्या जमिनीवर सराव कर. फरशीवर घसरतो, आणि डांबरावर आरीचं टोक झिजून सपाट होतं.

विटीदांडू मात्र तुम्ही दोघांनी तिथंच करायचा. बांधावरच्या बाभळीची मनगटाहून बारीक, सरळ फांदी आजच कापून ठेवायला सांग. ओल्या लाकडाची विटी लगेच केलीस तर टोकं आधी वाळतात, आतला भाग ओलाच राहतो आणि आठ दिवसांत टोकांना चिरा पडतात. म्हणून फांदी लांबच ठेव, दोन्ही कापलेल्या बाजूंना मेणबत्तीचं मेण फास आणि सावलीत महिनाभर पडू दे.

विटी पाच इंच लांब, इंचभर जाड. दोन्ही टोकं इंच-इंच उताराची तास, पेन्सिलीसारखी, पण सुई करू नकोस. फार टोकदार विटी जमिनीत घुसते आणि दुसऱ्याच दिवशी टोक मोडतं. फार बोथट असली तर दांडू मारल्यावर उडतच नाही. विटी जमिनीवर ठेवली की टोक अर्धा इंच वर राहिलं पाहिजे, उड्डाण सगळं त्या अर्ध्या इंचात आहे. दांडू वीस इंचांचा, सव्वा इंच जाड. गावात सुतार असेल तर त्याच्या वाकसानं दहा मिनिटांत होईल. पण नातवाच्या हातात कानस आणि पॉलिश पेपर देऊन अख्खी दुपार घालवलीस तर विटी जास्त दिवस टिकेल. स्वतः घासलेली विटी पोरं हरवत नाहीत.

गल काळ्या मातीत खणू नको. एप्रिल-मेमध्ये ती दगड होते आणि खणली की कडा ढासळतात. मुरूम आणून, पाणी मारून, चोपून घे. गल पाच इंच लांब, दोन इंच रुंद, दोन इंच खोल. विटी तीवर आडवी ठेवायची आणि दांडूचं टोक खाली घालून कोलायची, म्हणजे उडवून लांब फेकायची. टोल्यासाठी विटी जमिनीवरून उडवताना तिच्या टोकापासून बोटभर आत मारायचं. अगदी टोकावर मारली तर ती जागच्या जागी गरगरते, वर चढत नाही. कंबरेएवढी उडाली की मगच टोला. राज्य असलेली पोरं समोर वीस पावलांच्या आत उभी राहू देऊ नको. विटी डोळ्याला लागते, आणि या खेळात खरी भीती तेवढीच.

विटी किती लांब गेली ते मोजायचं दांडूनं: वकट, लेंड, मूंड, नाल, आर, वेद, झक्कू. सात झाले की पुन्हा वकट, आणि शेवटी जो आकडा येईल त्यावर पुढचा टोला कसा मारायचा ते ठरतं. गावोगाव उच्चार वेगळे. पण सोलापुरातल्या एखाद्या तेलुगू घरात हे म्हणून दाखव, ओळखतील. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु हेच आकडे आहेत. गंमत अशी की तेलुगूत पाच म्हणजे ऐदु आणि आरु म्हणजे सहा. आपल्याकडं नालनंतर थेट आर येतं. खेळता खेळता कुणीतरी पाच गाळला आणि तो परत आलाच नाही.

गोट्या वीस आहेत आणि एक मोठा ढप. हिरवट, किंचित वेडीवाकडी आहे ती गोळी सोड्याच्या बाटलीतली. आतल्या गॅसच्या दाबानं गोटी वर सरकून गळ्यातल्या रबरी कडीला घट्ट बसते, अशी ती बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रजानं १८७० च्या दशकात काढली. बाटली फोडल्याशिवाय गोटी निघत नाही, म्हणून तिचा भाव नेहमी दोन साध्या गोट्यांचा. नेम धरताना अंगठा जमिनीला टेकलेला राहिला पाहिजे, एवढं बघ. ‘एक्कल खाजा, दुब्बी राजा’पासून ‘दस्सी गुलामा’पर्यंतची मोजणी तुला पाठ असेलच.

गलोल पाठवलेली नाही. पाखरांचं आणि शेजाऱ्यांच्या काचांचं सोड, मुळात हल्लीच्या सायकल ट्यूबचं रबर ताणून सोडलं तर मढ्यासारखं परत येतं. पूर्वीच्या लाल ट्यूबसारखी झेप त्यात नाही.

पार्सल शनिवारी सकाळच्या एसटीत टाकतो. दुपारी स्टँडवर जाऊन घेऊन ये. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिलीप

ता. क. गिरमिट पार्सलमध्येच आहे, खाली, गोट्यांच्या पिशवीत. परत पाठव, ते वडिलांचं आहे. आणि भोक नातवालाच पाडू दे. एक भोवरा चिरला तर चिरला, म्हणूनच दोन पाठवतोय.