कपबश्यांची बाग पावसात उभी ठेवणाऱ्या मेस्त्रीकाकांस

फोंडा, गोवा

आदरणीय मेस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

यंदा चतुर्थीला आमच्याकडे आलेल्या बहुतेक पाहुण्यांनी परसातल्या जुन्या कपबश्यांच्या मनोऱ्यापाशी आणि बश्यांच्या फुलांपाशी थांबून ‘हे कुणी केले?’ असे विचारले, आणि घरच्यांनी दर वेळी माझे नाव सांगितले. ते अर्धेच खरे आहे. बश्यांची निवड आणि रंगांची जुळणी माझी असली, तरी हे सारे जूनपासूनचा पाऊस झेलून जागच्या जागी उभे आहे, याचे श्रेय आपले आहे. मजुरीचा विषय काढला की आपण तो चहावर नेऊन संपवता. म्हणून निदान चार लोकांना वाचता येईल अशा रीतीने आभार मानावेत, या हेतूने हे पत्र लिहीत आहे.

आमच्या कपाटात कान तुटलेले कप, जोडीदार हरवलेल्या बश्या, झाकण नसलेल्या किटल्या आणि लोणच्याच्या टवके उडालेल्या बरण्या वर्षानुवर्षे पडून होत्या. भंगारवाला चिनी माती घेत नाही. काचेच्या बाटल्यांबरोबरही ती देता येत नाही, कारण ज्या उष्णतेला काच वितळते त्या उष्णतेला चिनी माती वितळत नाही आणि तिचे खडे नव्या काचेत तसेच राहतात. टाकायचे तर कुठे, हा प्रश्न होता, आणि त्यातूनच बागेची कल्पना निघाली. आपण न्हाणीघराची लादी बसवायला आला होतात, तेव्हा व्हरांड्यात मी रचून पाहत असलेला मनोरा आपण बराच वेळ न्याहाळलात आणि एवढेच म्हणालात, “बाय, हें पावसांत उरचें ना.” नंतर काम संपवून, हातपाय धुऊन, आपण पुन्हा व्हरांड्यात येऊन बसलात. माझे खरे शिक्षण तिथून सुरू झाले.

बशीला भोक पाडणे हे काम घाईचे नव्हे, हे मी आपल्या हातांकडे पाहून शिकले. भिंतीत खिळ्यासाठी वापरतात ती ड्रिल मशीनची साधी बिट, म्हणजे भोक पाडायचे टोक, आपण पिशवीतून बाहेरही काढली नाहीत. हिऱ्याची कणी लावलेली, आतून पोकळ अशी बिट मशीनला लावली आणि मशीनचा हॅमर, म्हणजे ठोके देण्याची सोय, बंद असल्याची दोनदा खात्री केली. बशीच्या मध्यावर मास्किंग टेपची फुली मारली, खाली लाकडी फळी ठेवली आणि माझ्या हातात पाण्याची बाटली देऊन थेंब थेंब सोडत राहायला सांगितले. ते पाणी बिट थंड ठेवते, आणि चिनी मातीची बारीक धूळही त्यामुळे छातीत जात नाही. सुरुवातीला बिट किंचित तिरकी धरून चंद्रकोरीएवढी खाच पडू द्यायची, मग मशीन सावकाश उभी करायची, जोर लावायचा नाही, आणि आरपार जाण्याआधी हात आणखी हलका करायचा. फळीवर पांढरट पाणी पसरत गेले आणि शेवटी वाटाण्याएवढी चकती बिटीत अडकून बाहेर आली, तेव्हा आपल्यापेक्षा मलाच अधिक आनंद झाला असावा. ओपल काचेच्या पांढऱ्या ताटल्या मात्र आपण बाजूला काढायला लावल्यात. तसली कडक केलेली काच भोक पाडताना एका क्षणात चुरा होते, हे दुकानदाराने मला कधीच सांगितले नव्हते.

सिलिकॉनबद्दल आपण जे सांगितलेत, तेही इतरांच्या उपयोगाचे आहे म्हणून मुद्दाम लिहिते. शिरक्यासारखा वास येणारे सिलिकॉन धातूला खाते. त्यामुळे सळईला किंवा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपला बशी जोडायची असेल, तर न्यूट्रल सिलिकॉन मागून घ्यावे. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होते, म्हणजे आपल्या गोव्याची हवा त्याला मानवते. पण दोन बश्यांमध्ये ते सबंध थापले, तर मधल्या भागाला हवा मिळत नाही आणि कडा सुकल्या तरी आत ते मऊच राहते. म्हणून तुटक वळे काढायचे, मध्ये वाट ठेवायची आणि दिवसभर हात लावायचा नाही. त्याआधी दोन्ही पृष्ठभाग स्पिरिटने पुसायचे, कारण कितीही घासले तरी जुन्या बशीवर तेलाचा अंश असतोच. बश्यांच्या फुलांना आपण स्टीलचे बोल्ट लावलेत आणि दोन्ही बाजूंना रबरी वॉशर घातलेत. वाऱ्याने फूल हलते, पण बशीला ताण बसत नाही.

फुटक्या तुकड्यांचे काय करावे, यावरून आमच्या घरात मतभेद होते. तुळशीवृंदावनाच्या चौथऱ्यावर ते बसवावेत, असे माझ्या मुलीला वाटत होते. उष्ट्याखरकट्याची आणि वर भंगलेली भांडी तुळशीपाशी नकोत, असे सासूबाईंचे म्हणणे होते, आणि मला ते पटले. आपण त्यात न पडता चिऱ्याचा बसायचा ओटा दाखवलात. चंडीगडला रस्ते निरीक्षकाची नोकरी करणाऱ्या नेकचंद यांनी टाकाऊ वस्तूंतून उभारलेले आणि १९७६ मध्ये लोकांसाठी खुले झालेले रॉक गार्डन मी पाहिले आहे. तिथल्या मूर्तींच्या अंगावर फुटक्या कपबश्या आणि बांगड्या जडवलेल्या आहेत. पण तिथला पाऊस आपल्या निम्म्याहूनही कमी. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाणी कोसळते, तेव्हा तुकडा चिकटवून भागत नाही. झिलई पाणी अडवते, पण मोडलेली कड पाणी पिते, हे आपण एक तुकडा ओला करून दाखवलेत आणि प्रत्येक तुकड्याची कड ग्राउटमध्ये, म्हणजे सांधे भरायच्या लेपात, बुडेल असाच तो बसवून घेतलात. ओट्याला बाहेरच्या बाजूला दिलेला उतार सहज लक्षात येत नाही. मुसळधार पावसानंतर मात्र तिथे घोटभरही पाणी नसते.

पाणी साठण्याच्या बाबतीत आपण फारच कडक होता. उताणा ठेवलेला प्रत्येक कप खालून भोक पाडल्याशिवाय बागेत जाऊ दिला नाहीत. डेंग्यू पसरवणारा डास आठवड्याभरात अंड्यातून तयार होऊ शकतो, त्यामुळे हा कडकपणा योग्यच होता. पाणी राहते ते फक्त पक्ष्यांच्या ताटात, आणि ते दर तीन-चार दिवसांनी ओतून ताट घासले जाते, कारण डासांची अंडी कडेला चिकटून राहतात. त्या ताटासाठी मी साधे पांढरे भांडे निवडले; जुन्या रंगीत झिलईत शिसे असू शकते, म्हणून नक्षीची भांडी पाण्यापासून आणि दाण्यांपासून दूरच ठेवली आहेत. ताट उथळ असल्याने बुलबुल त्यात बिनधास्त उतरतात. दयाळ मात्र आधी मनोऱ्याच्या टोकावरच्या साखरदाणीवर बसून चौफेर पाहणी करतो.

मनोऱ्याचा पाइप जमिनीत हातभर गाडण्यासाठी आपण भर उन्हात स्वतः पहार चालवलीत, त्याबद्दल वेगळे आभार मानायला हवेत. जांभा फोडणे या वयात आपल्याकडून करून घ्यायला नको होते, असे सासूबाई अजून म्हणतात.

आपण ठेवून गेलेल्या दोन्ही बिटी आपल्या नातवाबरोबर पाठवीत आहे. सोबत त्याच मापाची एक नवीही आहे, कारण जुनीची कणी आमच्याच बश्यांवर झिजली. ती परत पाठवू नये. तुळशीच्या लग्नाला काकींना घेऊन अवश्य यावे. सूपच्या मोठ्या भांड्याला भोक पाडायचे अजून राहिले आहे. मशीन मी धरीन, पाण्याची बाटली आपण धरावी.

आपली कृतज्ञ,
वाड्यावरची एक शेजारीण