बाबांच्या ताटाविषयी थोडं सविस्तर

कोथरूड, पुणे

प्रिय आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "चार घास जास्त खाल्ले की पिशवी भरते, नाही खाल्ले तर अंगात जोर नाही. मग मी वाढू तरी काय?" फोनवर दोन मिनिटांत उरकण्यासारखं उत्तर नव्हतं, म्हणून लिहितेय.

बाबांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडत होते. त्यातून रक्ताची गुठळी सुटली आणि आतड्याला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमनीत जाऊन अडकली. रक्त थांबलं की आतडं काही तासांत मरायला लागतं. मेलेला भाग वेळेवर काढला म्हणून बाबा, तुम्ही आज सांगलीच्या घरी आहात. मोठ्या माणसाचं लहान आतडं साधारण ६ मीटर असतं. तुमचं ९० सेंटिमीटर उरलंय आणि त्याचं तोंड पोटावर काढून तिथे बाहेरून पिशवी लावलीय. मोठ्या आतड्याचा डावा भाग आत शाबूत आहे, पण सध्या जोडलेला नाही.

डॉक्टर याला इंटेस्टायनल फेल्युअर म्हणतात. किडनी फेल होते तसंच हे. खाल्लेल्यातलं सत्त्व, मीठ आणि पाणी पुरेसं अंगाला लागतच नाही. जे कमी पडतं ते शिरेतून द्यावं लागतं. यात खाणाऱ्याच्या जिद्दीचा किंवा वाढणारीच्या हाताचा काही दोष नाही. आई, तू हे मनावर घेणं आधी सोड.

आता पाण्याचं. हेच सगळ्यात उलटं वाटतं. बाबांना तहान लागली की तू तांब्या पुढे करतेस, आणि तासाभरात पिशवी पाण्यासारखी वाहते. आतड्याचा जो वरचा भाग उरलाय त्याला साधं पाणी धरून ठेवता येत नाही. पाण्यात मीठ नसलं की ते आतडं रक्तातलं मीठ स्वतःत ओढतं आणि मिठामागे पाणीही येतं. म्हणजे जितकं साधं पाणी प्यावं तितकं अंग कोरडं पडतं आणि तहान आणखी वाढते. चहा, नारळपाणी यांतही मीठ फार थोडं असतं. उसाचा रस तर अति गोड, तोही पाणी खेचून बाहेर काढतो. शेजारच्या काकू प्रेमाने आणतात, पण त्यांना नीट समजावून सांग.

म्हणून असं कर: १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात २० ग्रॅम ग्लुकोज पावडर, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा. चमच्याच्या अंदाजाने नको, छोट्या वजनकाट्यावर मोज. डॉक्टरांनी हेच प्रमाण लिहून दिलंय. गार करून दिवसभर घोट घोट प्यायचं. बाकी पाणी, चहा, ताक सगळं धरून दिवसाला अर्धा लिटरच, आणि तेही जेवताना नाही. आतड्याची हालचाल मंदावणारी लोपेरामाइडची गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी.

आणि मीठ! बीपीमुळे इतकी वर्षं तू आमटीत हात आखडून मीठ घातलंस. आता तो हिशोब बदललाय. पिशवीतून रोज इतकं मीठ जातं की जेवण खारट असलेलंच बरं. मी डॉक्टरांना दोनदा खोदून विचारलं, बाबांच्या बाबतीत हेच बरोबर आहे.

रात्री शिरेतून दिल्या जाणाऱ्या बॅगेला बाबा "सलाईन" म्हणतात, पण ते पूर्ण जेवण आहे. तीन कप्पे असतात: साखर, प्रथिनांचे घटक आणि स्निग्ध. गुंडाळून दाबलं की आतले पडदे सुटतात आणि सगळं दुधासारखं पांढरं होतं. हाताच्या शिरेला ते झेपत नाही, म्हणून छातीतून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत नळी घातलीय. १९६८ मध्ये फिलाडेल्फियाच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलं की आतडं जवळजवळ नसलेल्या एका तान्ह्या मुलीची वाढ त्यांनी केवळ अशा आहारावर होऊ दिली. तोवर अशा रुग्णांना उपाशी मरताना पाहण्यापलीकडे फारसं काही हातात नव्हतं. मला हे वाचून फार धीर आला. खर्च भारी आहे हे खरं, पण दादा आणि मी बघतोय. बाबा, तुम्ही त्यासाठी बॅग चुकवायची नाही.

नळीची भीती मात्र हवी. जोडण्याआधी साबणाने हात धुवायचे, मग नळीचं तोंड स्पिरिटच्या पुसणीने १५ सेकंद चोळायचं आणि सुकू द्यायचं. बॅग सुरू असताना थंडी वाजून ताप आला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहायची नाही. बॅग बंद करा, रात्रीचे दोन वाजले असले तरी मिरजेला हॉस्पिटलमध्ये निघा आणि नळी आहे हे दारातच सांगा. जंतू थेट रक्तात गेलेले असू शकतात.

हे असंच कायम राहणार का? उरलेलं आतडं पहिल्या एक-दोन वर्षांत जुळवून घेतं. आतल्या मखमलीसारख्या उंचवट्यांची वाढ होते आणि शोषण सुधारतं. त्यासाठी तोंडाने थोडं थोडं खाणं चालूच ठेवायचं. शिवाय तब्येत सावरली की मोठं आतडं परत जोडायचा विचार आहे. ते पाणी-मीठ ओढून घेतं, आणि भात-भाकरीचा न पचलेला भागही तिथले जंतू आंबवून अंगाला लावतात. मग कदाचित आठवड्यातल्या काही रात्री बॅगेविना जातील. पूर्ण सुटेलच असं डॉक्टरही म्हणत नाहीत, मीही म्हणणार नाही.

मामा विचारत होते, आतडं बदलता येत नाही का. येतं, पण यकृत बिघडू लागलं, नळीसाठी शिरा उरल्या नाहीत किंवा जंतुसंसर्ग वारंवार जीवावर बेतला, तर. नंतर आयुष्यभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं लागतात. बाबांना आज त्याची गरज नाही.

तर आई, ताटात किती उरलं हे बघू नकोस. सकाळचं वजन, दिवसभरची लघवी आणि पिशवीचं माप वहीत लिही. लघवी किमान १ लिटर हवी. दोन दिवस कमी झाली तर लगेच फोन कर. शनिवारी रात्री पानांचे फोटो पाठव, सोमवारी मी ते घेऊन डॉक्टरांकडे जातेय आणि जोडणीचं कधी ठरतंय तेही विचारते.

तुमची,
मनू