निघण्यापूर्वी

प्रिय आई-बाबा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

फोनवर मी दोनदा विषय काढायला गेले आणि दोन्ही वेळा बाबांच्या गुडघ्याची चौकशी करून फोन ठेवला, म्हणून आता लिहूनच कळवते. मिशनच्या त्या दूरच्या रुग्णालयातल्या नोकरीला मी होकार कळवला आहे. तुम्हाला विचारण्याआधी कळवला याची टोचणी आहे. पण विचारले असते तर आईच्या डोळ्यांत पाणी आले असते आणि मी थांबले असते, हेही तितकेच खरे.

‘तुझी तयारी तरी झाली आहे का?’ असे बाबा विचारतील. इस्राएल लोकांना मिसरातून सोडवण्याआधी मोशे मिद्यानाच्या रानात सासऱ्याची मेंढरे राखत होता, तेव्हा आपली तयारी चालली आहे असे त्याला वाटले नसावे. मिसरच्या राजापुढे, फारोपुढे तो उभा राहिला तेव्हा ८० वर्षांचा होता, आणि ज्या होरेब डोंगरापाशी पुढे त्याला सगळ्या इस्राएलाला न्यायचे होते, तिथवरची वाट मेंढरांमागे हिंडून त्याच्या पायांखालची झाली होती. माझ्यासाठी ते रान म्हणजे आजीची खोली. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी उठून तिची कूस बदलणे आणि ती चिडली तरी आपला आवाज न चढवणे मला कोणत्याही अभ्यासक्रमाने शिकवले नाही. आजीचे दुखणे देवाने माझ्या शिक्षणासाठी धाडले असे मात्र मी कधीच म्हणणार नाही. तसे म्हणणाऱ्यांचा मला तेव्हाही राग यायचा. त्याने त्यातले काही वाया जाऊ दिले नाही, एवढेच.

बाबा, तुम्ही माझ्यासाठी बघितलेली जागा चांगली होती. लढाईला निघालेल्या दाविदाला शौल राजाने घातलेले चिलखतही चांगलेच होते, पण दाविदाला त्याची सवय नव्हती. (तुम्हाला शौल म्हणते आहे असे समजू नका, तुमचा स्वभाव त्याच्यापेक्षा पुष्कळ बरा आहे.)

माझी काळजी करण्यासारखे काही नाही. खोली आवारातच आहे, खिडकीला जाळी आहे, अंघोळीला गरम पाणी मिळते आणि रात्रपाळीनंतरचा दिवस मोकळा असतो. शेजारच्या खोलीत दोन अनुभवी परिचारिका राहतात. हे मी खोदून खोदून विचारून घेतले आहे, कारण तुम्ही पहिल्यांदा हेच विचारणार हे मला ठाऊक होते.

खरे सांगायचे तर घाबरले आहे ती तुमच्यासाठी. त्या भीतीत मी एलीया संदेष्ट्याचा प्रसंग पुन्हा वाचला. तो थकून झुडपाखाली निजला आणि मरण मागू लागला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी त्याच्या उशाशी ठेवले. तो जेवून पुन्हा झोपला, तेही चालले. दुसऱ्यांदा उठवल्यावरच त्याला सांगितले की पुढची वाट लांबची आहे, आणि त्या अन्नाच्या बळावर तो ४० दिवस व ४० रात्री चालला. देव पुढच्यासाठी सिद्ध करतो तेव्हा आधी जेवू घालतो आणि झोपू देतो, हे वाचून मला तुम्हा दोघांना रागवावेसे वाटले. तेव्हा बाबा, रात्रीची गोळी चुकवायची नाही आणि पहाटेच्या प्रार्थनेसाठी थंडीत जमिनीवर गुडघे टेकायचे नाहीत. खुर्चीत बसून केलेली प्रार्थनाही पोहोचते. आई, डोळ्यांची तपासणी आता पुढे ढकलू नकोस, आणि दादा आल्यावर त्याला ‘सगळे ठीक आहे’ असे सांगू नकोस. तो विश्वास ठेवतो, मी ठेवत नाही.

शाळेच्या सहलीला निघताना तू माझी पिशवी भरायचीस, आठवते? काय काय ठेवले ते कधी सांगायची नाहीस. बसमध्ये फ्रॉकचे बटण तुटले आणि मी रडकुंडीला आले, तेव्हा आतल्या कप्प्यात सुईदोरा सापडला, काळ्या दोऱ्याचा, सुई कागदात टोचलेली. बटण तुटण्याच्या आदल्या रात्रीच तो तिथे होता. विश्वास म्हणजे काय हे कोणी समजावू लागले, की मला अजून तो कप्पाच आठवतो.

पुढच्या महिन्यात चार दिवस येते आहे. पिशवी या वेळीही तूच भर. आत काय आहे ते मी निघेपर्यंत पाहणार नाही.

तुमचीच,
धाकटी