जनरेटर नको म्हणणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव आणि गॅरेजचा पत्ता कुठेही लिहायचा नाही, असं तुम्ही बजावलं होतंत, म्हणून लिहीत नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत, कारण तुम्ही आमच्या गाडीत केलेल्या वायरिंगमुळे माझी आई पुन्हा माहेरी जाऊ लागली.

तिचं माहेर दापोलीजवळ. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि त्या भागात कित्येक दिवस वीज नव्हती. आई तेव्हा पुण्यात होती, पण मामीकडून ते सगळं ऐकून तिने धसकाच घेतला. ती इन्सुलिनवर आहे, आणि न उघडलेली पेनं २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात. "तिकडे लाइट गेली तर माझं काय?" म्हणत ती दर वेळी जाणं टाळायची. जुनी ट्रॅव्हलर व्हॅन घेऊन तिचं कॅम्पर, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी गाडी, करायचं ठरलं ते मुळात यासाठी. आत फ्रीज, मागे छोटा पेट्रोल जनरेटर, असा बेत घेऊन आम्ही तुमच्याकडे आलो.

तुम्ही आधी आईला खुर्ची दिलीत आणि मग विचारलंत, "फ्रीज रात्रभर चालणार, म्हणजे जनरेटरही रात्रभर. झोपणार कुठे?" त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही, हे तुम्ही इतक्या शांतपणे सांगितलंत की जनरेटरचा विषय तिथेच संपला.

जनरेटरऐवजी छतावर सोलर पॅनेल आणि आत बॅटरी, असं म्हणत मग तुम्ही वही काढलीत. बॅटरी कोणती, कितीची, हे नंतर. आधी दिवसाचा खर्च, वॉट-अवरमध्ये, म्हणजे वॉट गुणिले तास. बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज ४५ वॉटचा, कोकणातल्या मे महिन्यात निम्मा वेळ चालेल, म्हणजे ५४० वॉट-अवर. दोन पंखे २५ वॉटचे, दहा तास, ५०० वॉट-अवर. दिवे, मोबाइल, लॅपटॉप मिळून २००. चटणीपुरता मिक्सर, ५०. एकूण तेराशेच्या आसपास. २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी १२.८ व्होल्टने २,५६० वॉट-अवरची होते, आणि तिच्यातले ऐंशी टक्के बिनघोर वापरता येतात. ऊन अजिबात नसलं तरी दीड दिवस. आधी वाटायचं, सोलर म्हणजे अंदाजपंचे काम. ते पान बघितल्यावर मला पहिल्यांदा कळलं की हा किराणाच्या यादीसारखा हिशेब आहे आणि तो मलाही करता येतो.

एसीचा हट्ट माझ्या नवऱ्याचा होता. तुम्ही नाही म्हणाला नाहीत, फक्त त्याच पानावर एक टनाच्या एसीचा तासाचा खर्च लिहिलात: हजार वॉट-अवर. इंडक्शनच्या बाबतीत मात्र स्पष्ट बोललात, "शेगडी गॅसवरच ठेवा." तुम्हाला दुप्पट बॅटरी आणि तिच्या बारा व्होल्टचे घरच्यासारखे २३० व्होल्ट करणारा मोठा इन्व्हर्टर आमच्या गळ्यात घालता आला असता. आम्ही घेतलाही असता, कारण आम्हाला काही कळत नव्हतं. तुम्ही जे विकलं नाहीत, त्याबद्दल मला सर्वांत जास्त आभार मानायचे आहेत.

मोबाइलमधली लिथियम पेट घेते, ही भीती आईने बोलून दाखवली तेव्हा तुम्ही म्हणालात, "आजी, ही फॉस्फेटवाली. तापायला, पेटायला फार अवघड." घरी येऊन मी वाचलं. लिथियम आयर्न फॉस्फेटवरचा मूळ शोधनिबंध १९९७ सालचा, टेक्सास विद्यापीठातला. लेखकांत पाढी, नंजुंदस्वामी आणि गुडइनफ. गुडइनफना पुढे २०१९ मध्ये लिथियम-आयन बॅटरीच्या कामासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, पण आई खूश झाली ती पहिली दोन नावं ऐकून.

वायरिंगच्या वेळी तुम्ही मला शेजारी उभं राहू दिलंत आणि प्रत्येक गोष्टीचं कारण सांगितलंत. हजार वॉटचा इन्व्हर्टर घरच्या २३० व्होल्टवर पाच अँपिअरसुद्धा देत नाही, बारा व्होल्टच्या बाजूला मात्र शंभरच्या घरात जातो, म्हणून ३५ चौरस मिलिमीटरची जाड केबल, आणि तीही जमेल तितकी आखूड. केबलच्या टोकाला प्रत्येक लग, म्हणजे जोडणीची धातूची टोपी, दाबून बसवल्यावर तुम्ही तो दोन्ही हातांनी ओढून बघत होतात. फ्यूज बॅटरीच्या प्लसला अगदी लागून, कारण फ्यूज वायरीसाठी असतो, मशीनसाठी नाही. फ्रीज थेट बारा व्होल्टवर, कारण इन्व्हर्टर नुसता चालू राहिला तरी दिवसभरात काहीशे वॉट-अवर खातो. इंजिनवर वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरची वायर सरळ बॅटरीला जोडली असती तर लिथियमने मिळेल तेवढा करंट ओढून अल्टरनेटर तापवला असता, म्हणून मध्ये करंटला मर्यादा घालणारा ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर. दोन तास गाडी चालली की आठशे वॉट-अवर आत येतात. पावसाळ्यात, छतावरची ४०० वॉटची पॅनेल दाट ढगांखाली चौथ्या हिश्श्यावर येतात तेव्हा, आम्ही याच चार्जरवर निभावतो. शिवाय तेव्हा पंखेही फारसे लागत नाहीत.

मायनसच्या केबलवर तुम्ही शंट, म्हणजे करंट मोजणारा मीटर, बसवलात, तो आता आईचा आवडता. या बॅटरीचा व्होल्टेज सत्तर टक्क्यांना आणि चाळीस टक्क्यांना जवळजवळ सारखाच दिसतो, त्यामुळे किती गेलं आणि किती आलं हे मोजणाऱ्या शंटवरच विसंबावं लागतं. आई चष्मा लावून टक्के वाचते आणि मगच मोबाइल चार्जिंगला लावू देते.

हिमाचलात स्पितीतल्या काझाला गेलो तेव्हा ती बरोबर नव्हती. ऑक्टोबर, साडेतीन हजार मीटरच्या वरचं गाव, रात्री बाहेर शून्याच्या खाली. बॅटरी गाडीखाली चेसिसच्या सांगाड्याला न लावता आत बाकाखाली ठेवायची, यावर तुम्ही अडून बसला होतात. सामानाची जागा जाते म्हणून आमची कुरकुर चालली होती. शून्याखाली ही बॅटरी वीज देते, पण चार्ज केली तर आत ग्रॅफाइटवर लिथियम धातूचा थर बसतो आणि ती कायमची खराब होते, हे तुम्ही तेव्हाच समजावलं होतंत. सकाळी पॅनेलवर ऊन आलं तेव्हा आतल्या उबेमुळे बॅटरी ६ अंशांवर होती आणि चार्जिंग लगेच सुरू झालं. शेजारच्या गाडीतल्या पोरांना मी तुमचंच वाक्य ऐकवलं, "बॅटरीला माणसाजवळ झोपवा."

आणि या मे महिन्यात आई दापोलीला चांगली मुक्काम करून आली. दोनदा रात्री लाइट गेली. घरात सगळे उकाड्याने जागे, आणि अंगणात गाडीतला फ्रीज चालू, आवाज नाही, धूर नाही. मामीने तिच्या नातवाला आमच्या पंख्याखाली आणून झोपवलं. आईने थर्मामीटर बघितला, ५ अंश, आणि ती परत गप्पांत जाऊन बसली. इतक्या वर्षांत माहेरच्या अंगणात तिला असं निवांत मी पाहिलं नव्हतं.

दिवाळीनंतर गाडी घेऊन येतो. तुम्ही सांगितल्याप्रमाणे सगळे नट पुन्हा आवळून घ्यायचे आहेत. तुमच्या पानाची झेरॉक्स मी तिघांना दिली आहे. त्यांतली एक ताई तिच्या वडिलांच्या सीपॅपसाठी, म्हणजे झोपेत श्वास नीट चालावा म्हणून हवा देणाऱ्या मशीनसाठी, गाडी करते आहे, तिला तुमच्याकडे पाठवू का, तेवढं कळवा. मामीने तुमच्यासाठी आमसुलं दिली आहेत, ती बरोबर आणते.

तुमची,
इन्सुलिनवाल्या आजींची मुलगी