बाबा, अपॉइंटमेंट घेतलीये, रागावू नका

प्रिय आई-बाबा,

फोनवर विचारलं की आई म्हणते "ठीक आहे सगळं" आणि बाबा तर फोन आईकडेच देऊन टाकतात, म्हणून लिहायला बसले. दोघांनी एकत्र वाचा, आणि आई, मधल्या ओळी गाळून वाचून दाखवू नकोस, मला माहितीये तू तसं करतेस.

आधी मुद्द्याचं सांगते. येत्या मंगळवारी सकाळी अकराला, मागच्या वेळी दाखवलं होतं त्याच मानसोपचारतज्ज्ञांची वेळ मी घेऊन ठेवली आहे आणि मी सोमवारी रात्रीच पोचतेय. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर "बघू पुढच्या महिन्यात" हेच ऐकायला मिळालं असतं, आणि आता महिना घालवायचा नाहीये. अकराची घेतली म्हणजे बाबांची अंघोळ, पेपर, सकाळच्या गोळ्या सगळं नेहमीच्या वेळेला होईल. गाडी दारात येईल, जिने नाहीत, आणि त्यांच्याकडे फार थांबावं लागत नाही हे मी फोन करून विचारलंय.

बाबा, बरं वाटायला लागलं म्हणून तुम्ही एसिटालोप्राम, ती डिप्रेशनची गोळी, बंद केलीत, यात तुमचा दोष काढत नाहीये हो. सगळेच असं करतात, कारण बरं वाटणं हेच गोळी थांबवायचं कारण वाटतं. पण बरं वाटायला लागल्यावरसुद्धा निदान सहा महिने ती चालू ठेवतात, आणि वय जास्त असलं तर बऱ्याचदा वर्षभर किंवा पुढेही, नाहीतर आजार परत डोकं वर काढतो. बीपी नॉर्मल आलं म्हणून तुम्ही बीपीची गोळी कधी सोडलीत का? आणि ते जे तुम्हाला मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं व्हायचं, गरगरायचं, रात्री नको नको ती स्वप्नं पडायची, जे तुम्ही दोघांनी मिळून मणक्यावर ढकललंत, ते गोळी एकदम तोडल्यावर बऱ्याच जणांना होतं. याचा अर्थ सवय लागली होती असा नाही. तशी तलफ या गोळीची लागत नाही, फक्त ती हळूहळू, डोस उतरवत बंद करायची असते, आणि ते डॉक्टरांनी ठरवायचं. म्हणूनच कृपा करून आत्ता कपाटातली जुनी स्ट्रिप काढून स्वतःहून सुरूही करू नका. इतक्या दिवसांनी कुठल्या डोसपासून घ्यायची ते मंगळवारी विचारू.

आता दुसरं. आई, आधी खुर्चीत बस. मी स्वतः गेल्या वर्षापासून हीच गोळी घेतेय. तेव्हा आजीचं सगळं चाललेलं, घरात कुणाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती, त्यात माझं कुठे सांगू असं झालं. मी बरी आहे, खरंच बरी आहे, ऑफिसला जाते, जेवते, झोपते. हे आत्ता सांगतेय ते काळजी लावायला नाही. तुम्हाला जे सांगतेय ते वाचून नाही तर जगून सांगतेय, एवढ्यासाठी. पहिले दोन आठवडे मळमळायचं, उगाच अस्वस्थ वाटायचं आणि फायदा शून्य, तिथेच माणूस सोडून देतो. फरक पडायला दोन ते चार आठवडे जातात, पूर्ण कळायला सहा-आठ. आणि फरक म्हणजे एकदम आनंदीआनंद वगैरे काही नाही, एक दिवस लक्षात येतं की सकाळी उठल्या उठल्या छातीवरचा तो धोंडा आज नाहीये.

बाबा, लिफ्टमध्ये माझे हात बधिर व्हायचे, ओठांभोवती मुंग्या, वाटायचं आता पडणार. घाबरलं की आपण भराभर श्वास घेत सुटतो त्याने होतं ते. थेरपिस्टने शिकवलं की श्वास घ्यायच्या मागे लागू नका, आधी सावकाश, लांब सोडा. आणि मला एकदम तुम्ही आठवलात, कमरेपर्यंत पाण्यात उभे, माझ्या पोटाखाली हात धरलेला, आणि मी रडतेय, आणि तुम्ही म्हणताय "आधी सोड गं, पूर्ण सोड, घेतला आपोआप जातो." तेव्हा कसं जमायचं तुम्हाला एवढं शांत राहायला? तोच हात धरून मी लिफ्टमध्ये उभी राहिले बाबा. आता तुम्हाला रात्री धडधड सुरू झाली की तेच करायचं, नाकाने घ्यायचा आणि तोंडाने दुप्पट वेळ सोडायचा. ही लाट साधारण दहा मिनिटांत टोकाला जाते आणि मग ओसरते. फक्त एक, छातीत दुखलं, हातात किंवा जबड्यात कळ गेली, घाम फुटला तर "टेन्शनचं असेल" म्हणून घरी बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल. तुमच्या वयात तो अंदाज आपण घरी करायचा नाही.

आई, हे तुझ्यासाठी. टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये ती झोपेची छोटी गोळी आहे ना, अल्प्राझोलामची, ती बाबा किती वेळा घेतात हे तुला नक्की माहिती असेल. चिडू नकोस त्यांच्यावर, फक्त लिहून ठेव. हिची मात्र खरोखर सवय लागते, थोड्याच दिवसांसाठी असते ती, आणि वय झालं की तिने तोल जातो, रात्री बाथरूमला उठताना पडायला होतं, विसरायलाही होतं. पण रोज घेत असतील तर तीसुद्धा एकदम तोडायची नाही, फिट येऊ शकते. आणि आत्याने पाठवलेल्या त्या "नैसर्गिक" कॅप्सूल बाजूला काढ. आत्याचा हेतू चांगलाच आहे, तिला मी सांगेन, तू वाईटपणा घेऊ नकोस. सेंट जॉन्स वर्टसारख्या वनस्पती एसिटालोप्रामबरोबर घेतल्या तर धोक्याचं होतं. मंगळवारी घरातल्या सगळ्या स्ट्रिपा एका पिशवीत घालून न्यायच्या, रक्त पातळ करायची, गुडघ्याची पेनकिलर, बीपीची, सगळ्या, कारण काही एकत्र आल्या की रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि वयस्कर माणसात एसिटालोप्रामसारख्या गोळ्यांनी कधी कधी रक्तातलं सोडियम उतरतं, विशेषतः बीपीची लघवी वाढवणारी गोळी सोबत असेल तर. एक साधी रक्ततपासणी सांगतील, थायरॉईड आणि बी-१२ सुद्धा बघतील बहुतेक, कारण त्यांच्यामुळेही असंच मरगळल्यासारखं वाटतं.

डॉक्टर नऊ प्रश्नांचा एक कागद देतात, गेल्या दोन आठवड्यांत कसं होतं याचा. शेवटचा प्रश्न जगण्यात अर्थ वाटत नाही का, स्वतःला काही करावंसं वाटतं का असा आहे. बाबा, त्याचं खरं उत्तर द्यायचं. आम्हाला काय वाटेल म्हणून शून्यावर खूण करायची नाही. आई, तूही विचारू शकतेस, अगदी याच शब्दांत. विचारल्याने तसं काही डोक्यात घातलं जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. आणि तोवर सगळ्या गोळ्या तुझ्या ताब्यात ठेव. "हो" म्हणाले तर मंगळवारची वाट बघायची नाही, त्यांना एकटं सोडायचं नाही, लगेच इमर्जन्सीत न्यायचं आणि मला कितीही वाजता फोन करायचा.

गोळीबरोबर बोलण्याची ट्रीटमेंट पण ठरवली आहे, आठवड्यातून एकदा, व्हिडिओ कॉलवर, म्हणजे बाबांना त्यांच्या खुर्चीतून हलायला नको. सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी म्हणतात. ॲरन बेक नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९६० च्या दशकात मांडली, आणि बाबा तुम्हाला अशी माहिती आवडते म्हणून सांगते, ते स्वतः शंभर वर्षं जगले, २०२१ मध्ये गेले. बालपण उकरत बसत नाहीत त्यात. "मी आता कुणाच्या कामाचा नाही" हा विचार आला की तो कागदावर लिहायचा आणि एखाद्या केससारखा तपासायचा, बाजूने पुरावा काय, विरुद्ध काय. तुमच्याइतकं हे कुणाला जमणार?

त्यातलंच एक मला सगळ्यात जास्त कामी आलं. मन लागेल तेव्हा करू, असं म्हणत बसलं तर मन लागतच नाही. आधी थोडंसं करायचं, मन मागून येतं. मागच्या वेळी आले तेव्हा भिंतीवरचं घड्याळ टेबलावर उघडं पडलेलं होतं, स्क्रू डबीच्या झाकणात, त्यावर धूळ, आणि तुमचं भिंग उलटं ठेवलेलं. ते दुरुस्त करून टाका असं मी म्हणत नाही, रोज दहा मिनिटं नुसतं त्याच्यासमोर बसा, एक चाक पुसा, उठा. चालणंही तसंच, आठवड्याला दीडशे मिनिटं सांगतात पण आत्ता कोपऱ्यापर्यंत जाऊन आलात तरी खूप झालं, सकाळच्या उन्हात जा, त्याने रात्रीची झोपही सुधारते. तीनला जाग आली की घड्याळ बघायचं नाही, वीसेक मिनिटं झोप नाही आली तर उठून बाहेर बसायचं, पेंग आली की परत आत. सकाळी उठायची वेळ मात्र रोज एकच, आणि दुपारी अर्ध्या तासाच्या वर झोपू देऊ नकोस आई.

आणि आई, "सगळं तर आहे, मग कशाचं दुःख" हे वाक्य बंद. तू प्रेमाने म्हणतेस, पण ते ऐकून त्यांना अजून अपराधी वाटतं. नुसती शेजारी बसलीस तरी पुरे. आणि तू रोज संध्याकाळी एक तास बाहेर पडायचं, मैत्रिणींकडे जा, देवळात जा, कुठेही जा. मी आहे तोपर्यंत तर पडायचंच, मग सवय ठेव. तुझी झोप कशी आहे हे तू मला कधीच सांगत नाहीस, ते मी आल्यावर विचारणार आहे.

नातेवाईकांना काय सांगायचं याची चिंता नको, रुटीन चेकअप म्हणायचं, आणि कुणी खोदून विचारलंच तर फोन माझ्याकडे. माझी रजा मंजूर झालीये, पंधरवडाभर आहे, म्हणजे पहिली मळमळ वगैरे झाली तर मी घरातच असेन. आठवड्याच्या गोळ्यांचा खणाखणांचा डबा मी आणतेय, मोठ्या अक्षरांचा.

सोमवारपर्यंत बाबांचे जुने रिपोर्ट निळ्या फाइलीत लावून ठेव, तारखेने. कडी लावून झोपा, माझ्याकडे किल्ली आहे, जागत बसू नका.

तुमची,
चिमी