सभासद यादी डेटाबेसात चढवण्यापूर्वी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला केंद्राने २०२२ मध्ये मंजुरी दिली. आपल्या जिल्ह्यातल्या विकास सोसायट्या, दूध संस्था, पतसंस्था यांच्या एक्सेलमधल्या याद्या आता डेटाबेसात चढवल्या जात आहेत. हे काम सहसा सचिवाच्या किंवा नव्या क्लार्कच्या गळ्यात पडते. ‘इम्पोर्ट’ यशस्वी झाल्याचा संदेश आला की तो सुटकेचा श्वास सोडतो. पण बहुतेक बिघाड त्याआधी एक्सेलमध्येच होऊन गेलेला असतो.

जमिनीचा सर्व्हे नंबर घ्या. १२/३ टाइप केले की एक्सेल ती १२ मार्च ही तारीख समजते. २१२/३ मात्र तारीख होऊ शकत नाही, म्हणून तसाच राहतो. म्हणजे एकाच कॉलमात काही नंबर शाबूत आणि काही तारखा. नंतर त्या सेलला ‘टेक्स्ट’ केले तरी उपयोग नाही, तिथे पाच अंकी आकडा दिसू लागतो. कॉलम टेक्स्ट करायचा तो टायपिंगच्या आधी.

आधार क्रमांकाचे बारा अंक साध्या सेलमध्ये १.२३ई+११ असे दिसतात आणि सीएसव्ही फाइलमध्ये (डेटाबेसात चढवण्यासाठी एक्सेलमधून काढलेली साध्या मजकुराची फाइल) जे दिसते तेच जाते. मागचे अंक गेले ते गेलेच. सोळा अंकी खाते क्रमांकाचा तर शेवटचा अंक एक्सेल स्वतःच शून्य करते, कारण ती पंधराच अंक सांभाळते. आयएफएससी कोडात पाचवे अक्षर नेहमी शून्य असते. तिथे इंग्रजी ‘ओ’ आहे का, हे आवर्जून पाहावे.

शीर्षकाची ओळ एकच ठेवा, जोडलेले सेल सोडवा, मधल्या ‘एकूण’च्या ओळी काढा, नाहीतर ‘एकूण’ नावाचा सभासद तयार होतो. यादी श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर आधी युनिकोड (कोणत्याही संगणकावर मराठी अक्षरे तीच राहणारी पद्धत) करून घ्या. मग ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय निवडा. नुसत्या सीएसव्हीत मराठी नावांची प्रश्नचिन्हे होतात.

नवशिक्याला एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस आणि तो हाताळणारा डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट हा मोफत प्रोग्रॅम पुरतो. त्यात डेटाचा प्रकार आपोआप ओळखण्याची सोय बंद करा आणि सगळे कॉलम मजकूर म्हणूनच एका कच्च्या टेबलात घ्या. आमचा आग्रह आहे तो एवढाच: पक्क्या टेबलात थेट काहीही टाकू नये. कच्च्या टेबलाला हात न लावता त्यातून रकमा, तारखा वेगळ्या करून पक्के टेबल भरावे. रकमेतले स्वल्पविराम आधी काढा. एसक्यूलाइट ‘१,२५,०००’ या मजकुराचा आकडा करताना पहिल्या स्वल्पविरामाशी थांबते आणि सव्वा लाखाचा एक रुपया होतो. चूक झाल्याचा संदेशही येत नाही! गावांची नावेही पाहा. कवठेमहांकाळ जोडून आणि कवठे महांकाळ तोडून, ही डेटाबेसाच्या लेखी दोन गावे आहेत.

सभासद क्रमांक ‘प्रायमरी की’ (म्हणजे प्रत्येक ओळीची एकमेव ओळख) केला की दुबार क्रमांक अडतात. त्या वेळी ती अट काढून टाकण्याचा मोह होतो. तसे न करता दुबार क्रमांक रजिस्टरवरून तपासा. वारसनोंद झाल्यावर जुने नाव न काढल्यामुळे बरेचदा असे होते.

जुन्या एक्सएलएस फाइलीत ६५,५३६ ओळींच्या पुढे काही मावत नाही. इंग्लंडमध्ये २०२० साली कोरोनाचे १५,८४१ रुग्ण याच कारणाने काही दिवस मोजणीतून निसटले. आपल्याकडे शंभर उत्पादकांच्या दोन वेळच्या दुधाच्या नोंदी वर्षाला ७३,००० होतात, तेव्हा ही मर्यादा दूध संस्थांना लांबची नाही.

संस्थांनी सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याकडून लेखी ताळा मागावा: शीटमधल्या ओळी आणि टेबलातल्या ओळी, भाग भांडवलाची बेरीज, कर्जबाकीची बेरीज, शिवाय रजिस्टरमधून कुठेही बोट ठेवून निवडलेल्या वीस सभासदांची पडताळणी. तो जुळेपर्यंत बिल मंजूर करू नये आणि मूळ एक्सेल फाइल पुढचे लेखापरीक्षण होईपर्यंत पुसू नये.

आपले,
काही संगणक प्रशिक्षक, विश्रामबाग, सांगली